अठरा महिने

नवरा परमुलखात राबायला गेला, तर बायकोमुलांनी त्याच्याकडे जायला किती महिने थांबायचे? १९६०च्या दशकात इटली आणि स्वित्झर्लंडचे मुत्सद्दी या प्रश्नावर भाजीबाजारासारखी घासाघीस करत होते.

महायुद्धातून स्विस कारखाने शाबूत सुटले होते, त्यांना माणसे हवी होती. इटलीत हातांना काम नव्हते. १९४८ साली दोघांचा करार झाला. मजुराने यावे, राबावे, परत जावे, असा साधा हिशेब होता. इटलीनेही फारसे ताणून धरले नाही. बेकारी हटत होती, मजुरांनी घरी धाडलेल्या पैशांतून परकीय चलन येत होते. दोष एकट्या यजमानाच्या पदरात टाकणे म्हणूनच मला पटत नाही.

वार्षिक परवाना असलेल्या मजुराला कुटुंब आणता येई, पण तीन वर्षांनी. १९६१मध्ये इटलीचे मजूरमंत्री फिओरेंतिनो सुल्लो स्वित्झर्लंडमध्ये येऊन मजुरांच्या स्थितीबद्दल जाहीरपणे बोलले, आणि यजमानांचे पित्त खवळले. बोलणी रखडली. शेवटी १० ऑगस्ट १९६४ रोजी रोममध्ये नव्या करारावर सह्या झाल्या. ३६ महिन्यांचे १८ झाले. अनेक स्विस नागरिकांना तेवढेही जास्त वाटले.

हंगामी मजुराला मात्र या १८ महिन्यांचाही आधार नव्हता. वर्षातले नऊ महिने त्याने बांधकामावर घाम गाळायचा, घरच्यांना आणायचे नाही. लागोपाठ पाच हंगाम भरले, तरच वार्षिक परवान्याची आशा. तोवर मूल मोठे होते. मग आईबाप लेकराला चोरून आणत. दोघे कामावर गेले की ते खोलीत एकटे. हसायचे नाही, रडायचे नाही, खिडकीशी उभे राहायचे नाही. दारावर थाप पडली तर कपाटात शिरायचे. शाळेचे तर नावच नको. अशी मुले हजारोंनी होती. करारात त्यांच्यासाठी रकाना नव्हता, आणि दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांना तो नसणे सोयीचे होते, असे माझे मत आहे.

ज्यांना १८ महिनेही जास्त वाटले होते, त्यांची नाराजी पुढे मतपेटीपर्यंत पोचली. ७ जून १९७० रोजी स्वित्झर्लंडमध्ये परक्यांची संख्या बहुतेक प्रांतांत दहा टक्क्यांवर रोखण्याच्या प्रस्तावावर मतदान झाले. ५४ टक्क्यांनी तो फेटाळला. मतदार सगळे पुरुष. स्विस बायकांना देशपातळीवर मताचा हक्क मिळाला तो पुढल्या वर्षी.

हंगामी परवाना २००२मध्ये बंद झाला. कपाटातली ती मुले आता म्हातारपणाकडे झुकली आहेत. स्विस सरकारने आपली माफी मागावी, अशी मागणी त्यांतल्या काहींनी एकत्र येऊन केली आहे.