गर्भवास कोणाला सांगितला?

गर्भवासाचे दुःख हा कीर्तनकाराचा हक्काचा विषय. नरदेहाचे दुर्लभत्व सांगायचे असो की वैराग्य, निरूपण फिरून मातेच्या उदरापाशी येते. जठराग्नीचा ताप, मलमूत्राची संगत, जंतूंचे दंश, आखडलेले अंग. श्रोते माना डोलावतात. त्याच मंडपात बायकांच्या बाजूला एखादी सातवा महिना लागलेली लेक आईला टेकून बसलेली असते. तिने हे कसे ऐकावे? आपण लेकराला नरकात कोंडून ठेवले आहे, असे समजून घरी जावे काय? या प्रश्नाचे उत्तर दिल्यावाचून कीर्तनकाराने हा विषय पुढे नेऊ नये, असे माझे मत आहे.

हे वर्णन आपण घेतो ते मुख्यतः श्रीमद्भागवताच्या तिसऱ्या स्कंधातून, एकतिसाव्या अध्यायातून. एका रात्रीत कलल, पाच रात्रींत बुडबुडा, दहा दिवसांत बोराएवढा. महिन्यात डोके, दोन महिन्यांत हातपाय, तिसऱ्यात नखे, केस, हाडे, कातडी. चौथ्यात सप्तधातू, पाचव्यात भूक-तहान, सहाव्यात जरायूत गुंडाळलेला तो कुशीत फिरू लागतो. सातव्यात त्याला बोध होतो आणि तो हात जोडून भगवंताची स्तुती करतो.

आजचे डॉक्टर दिवसांचा हिशेब निराळा देतात आणि देहापुरता तो मानावा. गर्भ पहिले पाच-सहा दिवस पेशींचा बारीक गोळा असतो. गर्भनलिकेतून गर्भाशयात येतो आणि तेथील अस्तरात रुजतो. तीन आठवडे होतात न होतात तोच हृदय हलू लागते. त्या वेळी सगळा जीव तिळाएवढा. आठ आठवड्यांत मुख्य अवयवांची मांडणी होते, लांबी ३ सेंटिमीटरच्या आसपास, त्यात जवळजवळ निम्मे डोकेच. पाचव्या महिन्याच्या सुमारास आईला हालचाल कळते. ग्रंथात हे सारे विज्ञान आधीच होते असा डांगोरा पिटू नये आणि दिवस जुळत नाहीत म्हणून ग्रंथ खाली ठेवू नये. सुश्रुतसंहितेत तर ऋषींचाच वाद दिला आहे. आधी काय होते? शौनक म्हणतात डोके, कृतवीर्य म्हणतात हृदय, पाराशर्य म्हणतात नाभी, मार्कंडेय म्हणतात हातपाय. शेवटी धन्वंतरी सांगतात की सारे एकदमच होते. कोवळ्या आंब्यात गर, कोय, धागे सगळे असतात, पण सूक्ष्म म्हणून दिसत नाहीत. इतका मोकळा वाद ज्यांनी लिहून ठेवला, त्यांना नव्या माहितीचे भय कशाला वाटेल?

त्याच सुश्रुतांनी चौथ्या महिन्यात स्त्रीला दोन हृदयांची म्हटले आहे. तिला जे हवेसे वाटते ते गर्भाचेही मागणे. आपला ‘डोहाळे’ शब्द त्याच कुळातला. चरकाचार्य सांगतात की गर्भिणीला तेलाने काठोकाठ भरलेल्या भांड्यासारखे जपावे, हिंदकळू देऊ नये. नरकाची राखण कोणी अशी करते काय?

भागवतातले वर्णन कठोर आहे, ते मी झाकत नाही. आईने खाल्लेले तिखट, खारट, उष्ण गर्भाला सोसवत नाही, असेही तेथे आहे. वैद्यकाप्रमाणे मूल मलमूत्रात नसते, पिशवीत गर्भजलात तरंगत असते. आईचे व त्याचे रक्त एकमेकांत मिसळत नाही, वारेतून आणि नाळेतून अन्न पोहोचते. मशेरी-तंबाखूचे विष मात्र वार अडवू शकत नाही, हे खेड्यातल्या मंडपात मोठ्याने सांगण्यासारखे आहे. आणि ज्या घरात पोटुशी सून सर्वांच्या शेवटी उरलेसुरले खाते, त्या घराने गर्भवासाच्या यातनांवर कीर्तन ऐकून डोळे पुसावेत याचे मला नवल वाटते. त्यातल्या काही यातना त्याच स्वयंपाकघरातून जातात.

आता मूळ मुद्दा. त्या अध्यायात स्तुती करणारा जीव काय म्हणतो ते नीट पाहावे. इतके दुःख असूनही त्याला बाहेर यायचे नाही. अंधारी विहीर तो बाहेरच्या जगाला म्हणतो, कारण तेथे माया गाठते. आठवण आत आहे, विसर बाहेर. मग निंदा कशाची झाली? आईच्या उदराची की बाहेर आल्यावर पडणाऱ्या विसराची? प्रह्लादाचे पाहा. नारदांनी आश्रमात कयाधूला उपदेश केला तेव्हा तो पोटात होता. काळ लोटला, आई विसरली; लेकराला आठवण राहिली. त्याचा पहिला सत्संग उदरातच झाला. सहाव्या-सातव्या महिन्यात गर्भाला ऐकू येऊ लागते आणि जन्मून चार दिवस झालेले मूलही आईचा आवाज ओळखते, हे आता डॉक्टरही सांगतात. मंडपातल्या त्या लेकीच्या पोटी टाळ-मृदंगाचा नाद जात असतो. त्यावर स्वर चढतो तो तिच्या स्वतःच्या नामस्मरणाचा.

तुकोबारायांनी तर, ज्या अभंगाने आपण कीर्तनाची सांगता करतो त्यात, मुक्ती नाकारली आणि गर्भवास पत्करला. ज्या संप्रदायाने देवाला विठाई म्हटले, ज्ञानोबारायांना माउली म्हटले, त्याच्या मुखी आईच्या पोटाची किळस शोभत नाही.

आणि हे वर्णन सांगितले कोणी, कोणाला? कपिलमुनींनी, देवहूतीला. मुलाने आपल्या आईला. ज्या उदरात आपण राहिलो तिच्यासमोर बसून ते गर्भवास सांगत आहेत. तिने ऐकले, रागावली नाही, लाजली नाही. दोन अध्यायांनंतर, तेहतिसाव्यात, ती त्यांची स्तुती करते आणि विचारते : प्रलयकाळी ज्याच्या पोटात सारे विश्व सामावते, त्या तुला मी माझ्या पोटात वाहिले, हे घडले तरी कसे?