दोन तारा

जे अजून वाढलंच नाही, त्याला त्याच्या पुढच्या पापासाठी मारावं का? हा सवाल मला नातवानं मोबाइलवर दाखवलेल्या 'डॉक्टर हू' या इंग्रजी मालिकेनं घातला. १९७५ सालची ती गोष्ट, 'जेनेसिस ऑफ द डालेक्स'. डालेक म्हणजे पोलादी कवचातली, दयामाया नसलेली जात. त्यांची पिल्लं वाढतात तिथं डॉक्टरनं सुरुंग लावलेला. हातात दोन तारा. टेकवल्या की खेळ खलास. अन् गडी थांबतो. आपल्याला हा हक्क आहे का, म्हणतो.

जोडीदारीण सारा म्हणते, रोगाचे जंतू असते तर थांबला नसतास. शेतकरीही तेच म्हणेल. बोंडअळीची अंडी दिसली की आपण फवारतोच. पण फवाऱ्यात ढालकिडाही मरतो, मधमाशीही. डॉक्टरला तीच धास्ती. डालेकच्या भीतीनं एकमेकांशी भांडणारी जगं एक झालेली. मूळच उपटलं तर संगं काय काय उपटेल? शिवाय सगळी जात संपवली, तर आपण डालेकहून वेगळे कसे?

थांबण्याची किंमत मात्र पुढं मरणारी माणसं भरतात, हेही विसरू नये. मारणं कधी भाग पडतं. पण ज्याला ते सोपं वाटतं, त्याच्या हाती तारा देऊ नयेत.