हसायचं कुणाला?

तरुण मुलं आणि त्यांचा फोन हा टीव्हीवरच्या विनोदाचा हुकमी विषय आहे. सेल्फीसाठी ओठांचा चंबू करणारी मुलगी पडद्यावर आली की हशा ठरलेला. मला अशा वेळी ‘साउथ पार्क’ या अमेरिकी कार्टून मालिकेचा ७ एप्रिल २०१० रोजी दाखवलेला भाग आठवतो. ट्रे पार्कर आणि मॅट स्टोन यांची ही मालिका उद्धट आहे, शिवराळही आहे. पण या भागात तिने बोट अगदी नेमकं ठेवलं आहे.

चौथीतल्या स्टॅनला फेसबुक नकोच असतं. मित्र परस्पर त्याचं खातं उघडतात. लगेच वडील रुसतात, मला फ्रेंड का केलं नाहीस? आजीलाही यादीत घे म्हणून मागे लागतात. फेसबुकच्या नियमाप्रमाणे १३ वर्षांखालच्या मुलाचं खातंच असायला नको, आणि इथे बापच हट्ट धरून बसला आहे! पोरगं वैतागून खातं बंद करायला जातं, तर यंत्र त्यालाच आत ओढून घेतं.

आपल्याकडे ‘पोरं वाया गेली’ म्हणताना मोठ्यांचा हा हट्ट सोयीस्करपणे विसरला जातो. मुलाच्या निकालाचा फोटो त्याला न विचारता नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोण टाकतं? कुणी अभिनंदन केलं नाही, याचा हिशेब कोण ठेवतं?

याच भागात तिसरीतला किप आहे. त्याच्या यादीत एकही मित्र नाही. स्टॅनचा मित्र काइल कणव येऊन त्याला मित्र करतो. किप इतका हरखतो की लॅपटॉप घेऊन सिनेमाला जातो, जणू काइलच सोबत आहे. इकडे ‘अशा’ मुलाशी मैत्री केली म्हणून काइलचे मित्र गळू लागतात आणि तो किपला यादीतून काढून टाकतो. इथे माझं हसू अडकतं. किपचं काय चुकलं? त्याला कुणीतरी हवं होतं. विनोद लिहिणाऱ्याने या मुलाची टर उडवू नये. माणसाची किंमत आकड्यात करणाऱ्या व्यवस्थेची जरूर उडवावी.

शेवटी स्टॅन त्या यंत्रातून सुटतो आणि आपले ८ लाखांहून अधिक ‘मित्र’ किपला देऊन टाकतो. किप आनंदाने नाचू लागतो. मला तो आनंद बघवत नाही, कारण त्या लाखोंमधला एकही जण त्याच्याबरोबर सिनेमाला जाणार नाही.