गोडीगुलाबीचा जमाखर्च

ब्राझील म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे तीन गोष्टी येतात. फुटबॉल, कॉफी आणि कार्निव्हल. यांपैकी फुटबॉल मी रात्री जागून पाहतो, कॉफी सौभाग्यवती देईल तशी पितो, आणि कार्निव्हलचे फोटो पेपरात आले की पान घाईघाईनं, पण नीट बघून उलटतो. एवढ्या भांडवलावर त्या देशाविषयी लिहिण्याचं धाडस मी केलं नसतं. पण माझी सव्वीस वर्षांची भाची गेली दोन वर्षं साओ पाउलो शहरात नोकरीला आहे आणि दर रविवारी फोनवरून आम्हाला ब्राझील शिकवते.

तिच्या आईचा, म्हणजे आमच्या ताईचा प्रश्न ठरलेला असतो. "जेवलीस का?" भाची शाकाहारी. पण तिकडे रोजच्या जेवणात भात आणि घेवड्याच्या दाण्यांची आमटी असते, हे कळल्यापासून ताईच्या मनातलं ब्राझील बरंच जवळ आलं आहे. तिथं किलोवर जेवण देणारी हॉटेलं आहेत म्हणे. आपण आपलं ताट भरायचं, ते तराजूवर ठेवायचं आणि वजनाप्रमाणे पैसे द्यायचे. मला ही पद्धत ऐकताक्षणी पटली. जेवढं पोटात जमा, तेवढंच खिशाच्या नावे!

सुट्टीत ती सल्वादोरला जाऊन आली. तिथं रस्त्याच्या कडेला पांढऱ्या घेरदार पोशाखातल्या बायका वाटलेल्या चवळीचे वडे पामतेलात तळून विकतात. त्या वड्याला आकाराझे म्हणतात. त्यात भरायची कोळंबी वगळून भाचीनं दोन खाल्ले. त्याच शहराच्या कार्निव्हलमध्ये पांढरे कपडे आणि डोक्याला पांढरं मुंडासं बांधलेल्या हजारो पुरुषांचा एक ताफा निघतो. त्याचं नाव 'फील्योस दे गांधी', म्हणजे गांधींची लेकरं. १९४९ साली बंदरावरच्या हमालांनी तो सुरू केला. म्हणजे इतकी वर्षं मी जे पान घाईनं उलटत होतो, त्यात गांधीजीही होते!

असो. आमचा वाद झाला तो या कशावरून नव्हे, एका शब्दावरून झाला.

"मामा, इथली माणसं नियमाकडे बघत नाहीत, माणसाकडे बघतात," भाची म्हणाली. "त्याला इथं जेइचिन्यो म्हणतात."

'जेइतो' म्हणजे मार्ग, हातोटी. त्याला लाडाचा प्रत्यय लावला की जेइचिन्यो, म्हणजे इवलासा मार्ग. नियमाच्या भिंतीतून एका माणसापुरती काढलेली फट. हा शब्द ब्राझिलियन माणूस काहीशा अभिमानानं आणि काहीशा लाजेनं उच्चारतो म्हणे. मला तो अजिबात परका वाटला नाही. काउंटरच्या आत बसून गेली वीस वर्षं मी त्याचा मराठी अनुवाद रोज ऐकतो आहे. "बघा ना साहेब, काहीतरी करा."

भाचीनं उदाहरण दिलं. तिला भाड्यानं घर घ्यायचं होतं. करारावरची सही तिचीच आहे, असा शिक्का कार्तोरिओतून आणायचा होता. कार्तोरिओ म्हणजे नोंदणीची कचेरी. आधी तिथं आपल्या सहीचा नमुना ठेवायचा, मग कागदावरची सही त्या नमुन्याशी ताडून तिथला कारकून शिक्का मारणार. (हे ऐकताना मला माहेरी आल्यासारखं वाटलं.) २०१८ च्या एका कायद्यानं सरकारी कामांसाठी ही सक्ती काढली आहे, पण घरमालक म्हणजे काही सरकार नव्हे. त्यानं कागद त्याच दिवशी मागितला होता, नाहीतर घर दुसऱ्याला. भाची धावतपळत पोचली तेव्हा काम बंद होऊन पाच मिनिटं झाली होती.

तिनं मोडक्या पोर्तुगीजमध्ये विनवणी केली. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "कुठली तू?" ही म्हणाली, "भारतातली." झालं! २००९ साली तिथल्या टीव्हीवर भारतातल्या कुटुंबांची एक मालिका तुफान गाजली होती. त्यातली पात्रं ऊठसूट 'अरे बाबा' म्हणायची, आणि ते दोन शब्द सगळ्या ब्राझीलच्या तोंडी बसले. बाई खुलल्या, "अरे बाबा!" म्हणाल्या, आणि शिक्का मारून दिला. घर मिळालं.

"बघ, याला म्हणतात माणुसकी," भाची म्हणाली.

मी विचारलं, "तुझ्या मागे कोण होतं?"

हा कारकुनी प्रश्न आहे, मला मान्य आहे. पण रांगेतल्या पहिल्या माणसाचा चेहरा सगळ्यांनाच दिसतो. दुसऱ्याचा दिसायला आत बसावं लागतं.

भाची जरा थांबली. "होता एक माणूस. बुटांना सिमेंट लागलेलं. प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन उभा होता."

"त्याचं काम झालं?"

"नाही. त्याला म्हणाल्या, उद्या या."

मी कॉमर्सचा पदवीधर. आम्हाला पहिल्या वर्षी जे शिकवतात ते मी अजून विसरलेलो नाही. कुणाच्या जमा काही पडलं, की कुणाच्या तरी नावे ते पडतंच. गोडीगुलाबीचंही तसंच आहे. भाचीच्या जमा एक घर पडलं. बाईंच्या नावे दोन मिनिटं पडली, ती त्यांनी हसत दिली. पण सिमेंटवाल्या माणसाच्या नावे उद्याचा रोज पडला. त्याच्या देशात कुणी मालिका काढली नव्हती. तो त्याच देशाचा होता.

रॉबर्तो दामाता नावाचे ब्राझीलचे एक मोठे मानववंशशास्त्रज्ञ आहेत. १९७९ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी 'मी कोण आहे, ठाऊक आहे का?' या एका वाक्यावर दीर्घ विवेचन केलं आहे. हे वाक्य ब्राझीलमध्ये ऐकू येतं आणि आपल्याकडे येत नाही, असं कुणाला वाटत असेल तर त्यानं एकदा वाहतूक पोलिसाशेजारी उभं राहावं. जेइचिन्यो ही त्या वाक्याची गरीब बहीण. ती हात जोडून मागते, तो छाती काढून मागतो. मला बहीण केव्हाही अधिक आवडते. पण दोघांनाही जायचं असतं रांगेच्या पुढेच. तिकडे एक म्हणही आहे. मित्रांना सगळं काही, शत्रूंना कायदा. यात सिमेंटवाल्याची सोय कुठे? तो मित्र नव्हता आणि शत्रूही नव्हता. तो फक्त मागे उभा होता.

भाची हे ऐकून गप्प बसेल तर ती ताईची मुलगी कसली! "म्हणजे बाईंनी मलाही हाकलायला हवं होतं? एकाचं नुकसान झालं ते वाईट, आणि दोघांचं झालं असतं की न्याय?"

हा प्रश्न खरोखर अवघड आहे. नियमाआड बसलेला कारकून न्यायी असतो असं नाही. पुष्कळदा तो नुसता आळशी असतो.

याचं उत्तर मला ब्राझीलमध्येच सापडलं. १९७९ साली तिथल्या सरकारनं कागदी घोडे कमी करण्यासाठी एक मोहीम काढली आणि एलिओ बेल्त्राव नावाच्या गृहस्थांना तिचं मंत्री केलं. कागद कमी करायला नवं मंत्रिपद! त्यांच्या कचेरीत पहिल्याच दिवशी फायली मागवल्या असणार, याबद्दल मी पैज लावायला तयार आहे. पण या बेल्त्राव साहेबांचा आग्रह साधा होता. नागरिक खरं बोलतो असं धरून चला. १९८३ साली कायदाच झाला, की आपला पत्ता, आपली गरिबी, इतकंच काय, आपण जिवंत असल्याचंसुद्धा माणसानं स्वतः सही करून लिहून दिलं, तर ते खरं धरावं. दर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी जिने चढून येणारे आमचे पेन्शनर आठवले आणि मला त्या कायद्याला नमस्कार करावासा वाटला. पुढे २००० साली आणखी एक कायदा झाला. म्हातारे, अपंग, गरोदर बायका, कडेवर मूल असलेल्या आया, यांना तिथल्या बँकांतून नि कचेऱ्यांतून आधी घ्यायचं. कुणाला विनवायला नको, हसायला नको, आपला देश सांगायला नको.

दया ही अशी नियमात लिहून ठेवली, की ती ओळख विचारत नाही. ज्याला गोड बोलता येत नाही त्यालाही ती मिळते. पण प्रत्येक दया कायद्यात लिहिली जाईपर्यंत काय करायचं, हा प्रश्न उरतोच.

मी भाचीला म्हटलं, "पुढच्या वेळी जेइचिन्यो मागशील तेव्हा मागे वळून बघ, आणि दोघांसाठी माग. म्हणावं, बाई, माझं करताय तर यांचंही करा."

"आणि बाई म्हणाल्या, एकाचंच होईल, तर?"

"तर त्याला पुढे कर."

"आणि माझं घर?"

मी उत्तर दिलं नाही. ताईनं फोन ओढून घेतला आणि विचारलं, "जेवलीस का?"