न खाल्लेल्या घासाची चव

इंदूरच्या राजवाड्याजवळ सराफा बाजार आहे. दिवसा तेथे सोन्या-चांदीचा व्यवहार चालतो. रात्री सराफांची दुकाने बंद झाली की त्यांच्याच पुढ्यात खाद्यपदार्थांची दुकाने मांडली जातात आणि मध्यरात्र उलटली तरी गर्दी हटत नाही. कुठे भुट्ट्याचा कीस, कुठे खोबऱ्याचे पॅटिस, हिवाळ्यात तळलेला गराडू, भल्यामोठ्या आकाराचा जलेबा आणि वाफेवर गरम ठेवलेली साबुदाण्याची खिचडी. येथे येणारे अनेकजण घरून जेवून आलेले असतात. म्हणजे पोटाची भूक घरीच भागलेली असते. मग या गल्लीत तृप्त व्हायला येते ते कोण?

आपल्या शास्त्रांनी याचे उत्तर फार पूर्वी दिले आहे. ती रसना आहे. सगळी इंद्रिये जिंकली तरी जोवर जीभ जिंकली नाही, तोवर माणूस जितेंद्रिय नव्हे, असे भागवत सांगते. महात्मा गांधींनी तर आश्रमाच्या एकादश व्रतांत अस्वादाला स्थान दिले होते. हे सारे वाचून मीही एक संकल्प केला होता की रात्रीच्या जेवणानंतर काहीही खायचे नाही. त्याच दिवसांत इंदूरला आत्याकडे जाणे झाले.

आत्या मला हौसेने सराफ्यात घेऊन गेली. तिने खिचडीचा दोना घेतला आणि पहिला चमचा माझ्यापुढे धरला. मी म्हणालो, "आत्या, मी हे सगळं सोडलंय." ती म्हणाली, "अरे, एक घास तर घे." मी मान हलवली. तिने दोना तसाच बाकावर ठेवला. मग तिनेही खाल्ले नाही. आम्ही लवकरच घरी परतलो.

त्या रात्री झोप येईना. संकल्प मोडला नव्हता, तरी मन शांत का नव्हते? प्रामाणिकपणे पाहिले तेव्हा लक्षात आले की बाजारात उभा असताना मी आजूबाजूच्या माणसांना मनातल्या मनात तोलत होतो. 'बघा, हे जिभेचे गुलाम आणि मी मुक्त!' न खाल्लेल्या त्या घासाला एक चव होती आणि ती मी मिटक्या मारत चाखत होतो. ती अहंकाराची चव होती.

विषय सोडले तरी विषयांची गोडी मागे उरते, असा इशारा गीतेच्या दुसऱ्या अध्यायात आहे. ती गोडी नेहमी पदार्थाचीच असते असे नाही. कधी ती आपल्या त्यागाची असते. पदार्थाची गोडी निदान उघड दिसते; त्यागाची गोडी मात्र साधनेचे वस्त्र नेसून येते, म्हणून ओळखू येत नाही.

मग मी संकल्प मोडून आत्याच्या प्रेमाखातर खायला हवे होते का? हा प्रश्न सोपा नाही. 'त्यांना वाईट वाटेल' हे जिभेचे आवडते निमित्त आहे आणि त्याच्या आडून अनेक व्रते मोडली जातात. नियम पाळण्यात चूक नव्हती. चूक होती ती पाळण्याच्या पद्धतीत. मी घास नाकारताना माणूसही नाकारला होता.

दुसऱ्या रात्री मीच म्हणालो, "आत्या, चल, सराफ्यात जाऊ." मी खाल्ले नाही. पण दोना आणला, तिच्या हाती दिला आणि शेजारी बसलो. खाता खाता ती सांगू लागली, "हे असताना आम्ही दर शनिवारी यायचो. एकच दोना घ्यायचो, दोन चमचे." आदल्या रात्री तिने पुढे केलेला चमचा कोणाचा होता, हे मला तेव्हा कळले.

रात्रीच्या या वर्दळीमुळे सराफांच्या दुकानांची आपोआप राखण होते, असे तेथील लोक सांगतात. गल्ली जागी असते, म्हणून सोने सुरक्षित राहते. आपलेही तसेच आहे. संयमाचे सोने कमावल्यावर त्याच्यापाशी कोणीतरी जागे राहावे लागते, नाहीतर अहंकार ते कधी उचलून नेतो हे कळतही नाही.

म्हणून खाणाऱ्याने स्वतःला विचारावे, 'दुसरा दोना मी मागतो आहे की माझी जीभ?' आणि न खाणाऱ्याने विचारावे, 'हे मी सोडले आहे की मिरवतो आहे?' दोघांनाही उत्तर स्वतःच्या मनातच शोधावे लागेल. ते शोधताना शेजारी बसलेल्या माणसाकडे मात्र आपली पाठ नसावी.