पुलावरून काय आणले?

एखादा जॅझ सॅक्सोफोनवादक मोठ्या खंडानंतर अल्बम घेऊन आला, की त्याच्याकडे हिशेब मागितला जातो: इतकी वर्षे गप्प होतास, मग नवीन काय आणलेस? हा प्रश्न मला उथळ वाटतो. किती उथळ, ते सनी रॉलिन्सच्या ‘द ब्रिज’बद्दल आजही जे बोलले जाते त्यावरून दिसते. हकिगत जॅझ ऐकणाऱ्या सगळ्यांना पाठ आहे. 1959च्या उन्हाळ्यात, तिशीही गाठलेली नसताना आणि नाव शिखरावर असताना रॉलिन्सने कार्यक्रम बंद केले. ग्रँड स्ट्रीटवरच्या घरात वाजवून शेजाऱ्यांची झोपमोड करायची नव्हती, म्हणून तो जवळच्या विल्यम्सबर्ग पुलावर रियाजाला जाऊ लागला. 1961च्या अखेरीस तो पुन्हा श्रोत्यांसमोर आला आणि 1962च्या आरंभी हा अल्बम ध्वनिमुद्रित झाला. त्या पुलाला त्याचे नाव द्यावे, अशी मोहीमही न्यूयॉर्कमध्ये चालली. गोष्ट एवढी वाढली, की अल्बम तिच्या सावलीतच ऐकला जातो.

पुलावर त्याला साक्षात्कार झाला असे मानणारे भाबडे आहेत. सारी प्रसिद्धीची युक्ती होती म्हणणाऱ्यांना दोन वर्षांची मिळकत सोडून देण्याचा अर्थ कळलेला नाही. उत्तर द्यायला हवे ते तिसऱ्या मताला, कारण त्याच्या हाती पुरावा आहे. हे मत असे: 1959 हे जॅझचे व्याकरण हलवणारे वर्ष. त्या वर्षी ऑर्नेट कोलमन ‘फाइव्ह स्पॉट’मध्ये वाजवू लागला, जॉन कोल्ट्रेनने ‘जायंट स्टेप्स’ ध्वनिमुद्रित केला, माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ आला. आणि या सगळ्यानंतर परतलेल्या रॉलिन्सने काय दिले? सहा रचना, त्यांतली चार जुनी गाणी. म्हणजे काळ पुढे गेला आणि तो जागच्या जागी राहिला. यातला तपशील अचूक आहे. पण वादकाने काळाबरोबर धावलेच पाहिजे, हे गृहीतक कोणी तपासत नाही. शैली बदलणे आणि सवय मोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या मताची सगळी चूक त्या एकच समजण्यात आहे.

शैली बाहेरून दिसते, तिला नाव देता येते, तिच्यावर लेख लिहिता येतात. सवय बोटांत आणि श्वासात असते. 1956 ते 1958 या काळात रॉलिन्सने डझनभराहून अधिक अल्बम केले. इतके वाजवणाऱ्याच्या बोटांत तयार वाक्ये साठतात आणि सुचण्याआधीच बाहेर पडतात. त्यात कौतुकाची भर पडली. 1958 साली गुंथर शुलरने ‘ब्लू सेव्हन’ या रचनेतल्या त्याच्या वादनाची फोड करून त्यातली रचनाशक्ती दाखवून दिली. लेख उत्तम होता. पण उत्स्फूर्त वाजवणाऱ्याला स्वतःची पद्धत इतकी स्पष्ट दाखवली, की ती पाळण्याचा मोह होतो. अशा वेळी पुलाचा उपयोग काय, हे ध्वनीच्या अंगाने पाहावे. खोलीत भिंती सूर परत देतात आणि वादक आहे त्यापेक्षा भरदार ऐकू येतो. ईस्ट नदीवरच्या उघड्या हवेत सूर गेला की गेला. शेजारून आगगाडी धडधडत जाते, खाली बोटींचे भोंगे वाजतात. तिथे टिकायचे तर प्रत्येक सुराला पोटातून हवा द्यावी लागते, आणि नुसत्या सफाईच्या बोटांना तिथे काहीच किंमत उरत नाही.

हे कान ठेवून अल्बम ऐकला, तर जुनी गाणी का घेतली याचे उत्तर मिळते. सवय मोडली की नाही, हे नव्या चालीवर कळत नाही, कारण तिथे सगळेच नवे असते. हजारदा वाजवलेल्या चालीवर मात्र लपायला जागा नसते. साथीला पियानोही नाही. पियानोवाचून त्याने 1957 सालीही वाजवले होते, तेव्हा ही बाब नवी नव्हती, हे मान्य. पण इथे जिम हॉलची गिटार आहे. ती स्वरसंगतीची सतरंजी अंथरत नाही. दोन-तीन स्वर ठेवते आणि थांबते, आणि त्या रिकाम्या जागेत काय घालायचे ते रॉलिन्सला त्या क्षणीच ठरवावे लागते. ‘व्हेअर आर यू’ या संथ गाण्यात हे सर्वांत स्पष्ट ऐकू येते.

आक्षेप घेणारे इथे पुढचे पान उलटतात: त्याच वर्षी त्याने कोलमनच्या गटातल्या डॉन चेरी आणि बिली हिगिन्स यांना सोबत घेऊन ‘अवर मॅन इन जॅझ’ केला, म्हणजे आपण मागे पडलो हे त्याने स्वतःच कबूल केले! मग 1963चे काय करायचे? त्या वर्षी तो कोलमन हॉकिन्सबरोबर, म्हणजे त्याच्या आधीच्या पिढीतल्या, लहानपणापासून ज्याला तो आदर्श मानत आला त्या वादकाबरोबर ध्वनिमुद्रणाला उभा राहिला. मागे पडलेला माणूस पुढच्यांना गाठायला धावतो, तो वर्षभरात उलट दिशेला वळत नाही. दोन्हींकडे जाता आले, कारण बोटे कोणत्याच वाटेला बांधलेली नव्हती.

साठच्या दशकाच्या अखेरीस तो मुंबईत पवईच्या आश्रमात येऊन राहिला. ध्यानात मन लागत नव्हते, तेव्हा वाजवणे हेच तुझे ध्यान असे आपल्याला तिथे सांगण्यात आले, असे तो मुलाखतींत सांगत आला आहे. त्यानंतर पुन्हा काही वर्षांचा खंड पडला आणि पुन्हा लोक वाट पाहू लागले. 1972 साली अल्बम आला तेव्हा त्याच्या वेष्टनावर नाव होते ‘सनी रॉलिन्सेस नेक्स्ट अल्बम’: सनी रॉलिन्सचा पुढचा अल्बम.