वस्तीला विचारा, आणि उत्तरही द्या

10 सप्टेंबर 2021च्या पहाटे मुंबईतल्या साकीनाक्याच्या खैरानी रोडवर एका स्त्रीवर अमानुष अत्याचार झाला. पोलिस नियंत्रण कक्षाला फोन केला तो तिथल्या एका रखवालदाराने. पोलिस दहा मिनिटांत पोहोचले, तिला राजावाडी रुग्णालयात नेलं गेलं. पण दुसऱ्या दिवशी तिचा मृत्यू झाला. जून 2022मध्ये दिंडोशीच्या सत्र न्यायालयाने आरोपीला फाशी सुनावली. नऊ महिन्यांत निकाल लागला, म्हणजे तपास आणि खटला रेंगाळला असं कोणी म्हणू शकणार नाही. पण गुन्ह्यानंतर लगेच पोलिसांसाठी निघालेले आदेश पुन्हा वाचण्यासारखे आहेत. निर्जन जागांची यादी करा, अंधाऱ्या ठिकाणी दिवे लावून घ्या, महिलांच्या स्वच्छतागृहांजवळ उजेड आहे का पाहा, गस्त वाढवा. त्या परिसरात राहणाऱ्या, रात्रपाळी करून परतणाऱ्या बायकांकडे ही यादी तोंडपाठ असते. कुठल्या वळणावर पावलं झपाझप टाकायची आणि कुठल्या टपरीचा दिवा जळेपर्यंत रस्ता बरा, हे त्यांना कळण्यासाठी परिपत्रकाची गरज नव्हती. मग ती यादी सरकारी कागदावर यायला एका बाईचा जीव का जावा लागला?

वस्त्यांमध्ये ‘जनजागृती’ कमी पडते, असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. साकीनाक्यासारख्या ठिकाणी तर मला नेमकं उलटं दिसतं. सूचना भरपूर आहेत, त्या नेमक्या आहेत आणि बहुतेक स्वस्तही आहेत. दुष्काळ आहे तो त्या सूचनांना ठरलेल्या मुदतीत उत्तर देणाऱ्याचा.

साकीनाका म्हणजे काय, हे मेट्रोतून दिसत नाही. जून 2014पासून वर्सोवा-घाटकोपर मेट्रो अंधेरी-कुर्ला रस्त्याच्या डोक्यावरून धावते आहे; खाली उतरून खैरानी रोडला लागलं की मोल्डिंगचे गाळे, शिलाईचे कारखाने, भंगाराची गोदामं, फरसाणच्या भट्ट्या आणि त्यांच्या आजूबाजूला घरं. माल चढवणारा टेम्पो, शाळेतून येणारी पोरं आणि पाण्याचे हंडे एकाच गल्लीतून वाट काढतात. मोहिली, जरीमरी, काजूपाडा या सगळ्या पट्ट्याचा कारभार पाहणाऱ्या महापालिकेच्या एल विभागाची लोकसंख्या 2011च्या जनगणनेत 9 लाखांच्या आसपास होती. महाराष्ट्रातल्या अनेक महापालिकांपेक्षा हा एक विभाग मोठा. कामाची आणि राहण्याची जागा इथे वेगळी काढता येत नाही, त्यामुळे आरोग्य आणि सुरक्षितता यांच्या फायलीही वेगळ्या ठेवून चालत नाही.

शौचालयाच्या दाराची कडी घ्या. स्वच्छ भारत अभियानाच्या निकषांनुसार सामुदायिक शौचालयात 25 महिलांमागे किंवा 35 पुरुषांमागे एक आसन हवं. हे गणित कागदावर जुळलं तरी दाराला आतून कडी नसेल, बल्ब गेलेला असेल आणि रात्री अकराला कुलूप लागत असेल, तर बाईच्या दृष्टीने ते आसन दिवसापुरतंच. मग ती संध्याकाळपासून पाणी पिणं कमी करते. मूत्रमार्गाचा संसर्ग घेऊन दवाखान्यात येते तेव्हा केसपेपरवर गोळ्यांची नावं लिहिली जातात, कडीचं नाव कुणी लिहीत नाही. वस्तीतल्या बायकांना विचारलं तर त्या आधी कडी सांगतील, मग दिवा, मग रात्रीचा माणूस. 2011च्या सुमारास मुंबईत उभ्या राहिलेल्या ‘राइट टू पी’ चळवळीने हाच धागा पकडला होता. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना त्याच कामासाठी पैसे, हा हिशेब कार्यकर्त्यांनी शहरभर फिरून मांडला, तोवर महापालिकेला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

पाण्याचंही तसंच. मुंबईत पाणी ठरलेल्या वेळी येतं. वस्तीत मुख्य जलवाहिनीपासून घराघरांत गेलेले बारीक नळ जुडग्याने, अनेकदा थेट गटारातून जातात. पाणी चालू असतं तोवर आतल्या दाबामुळे घाण बाहेर राहते. पाणी बंद झालं की दाब पडतो, गंजलेल्या नळाच्या छिद्रातून गटार आत झिरपतं. त्यात कोणी पाणी कमी येतं म्हणून मोटर लावली की ओढ आणखी वाढते. दुसऱ्या दिवशीचं पहिलं पाणी गढूळ येतं, पोरांना जुलाब होतात आणि ‘पाणी उकळून प्या’ अशी पाटी लागते. रहिवाशांची सूचना साधी असते: नळ गटारातून काढून भिंतीला लावून द्या, आणि पाण्याची वेळ बदलली तर आदल्या दिवशी कळवा. ही सूचना कुठल्याही जलअभियंत्याला पटेल. पण नळ कुणाचा, भिंत कुणाची, घर कुठल्या सालचं, या प्रश्नांत ती अडकते. वस्ती अनधिकृत असली तरी पाणी नाकारता येणार नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाला डिसेंबर 2014मध्ये सांगावं लागलं, तेही पाणी हक्क समितीने दाद मागितल्यावर. आणि ‘सर्वांसाठी पाणी’ हे महापालिकेचं धोरण अमलात यायला 2022चा मे उजाडला.

वस्तीच्या माहितीचं मोल नवं नाही. 1854मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपातून कॉलरा पसरतो, हे जॉन स्नो या डॉक्टरने दाखवून दिलं, ही गोष्ट आरोग्यशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवतात. हेन्री व्हाइटहेड हा तिथला तरुण धर्मोपदेशक मात्र मागे राहतो. त्याला गल्लीतली माणसं घराघरांतून माहीत होती. साथीचं मूळ असलेलं पहिलं आजारी तान्हं मूल आणि पंपाशेजारच्या गळक्या मैलखड्ड्याचा संबंध त्याच्या चौकशीतून लागला. डॉक्टरचा तर्क आणि गल्लीची माहिती एकत्र आली तेव्हा ते शास्त्र पूर्ण झालं.

अर्थात रहिवाशांचं सगळं बरोबर, किंवा ते सगळं बोलू शकतात, असं मानण्याचा भाबडेपणा नको. 18 डिसेंबर 2017च्या पहाटे खैरानी रोडवरच्या फरसाणच्या दुकानाला आग लागली आणि आत झोपलेले 12 कामगार मेले. अकरा दिवसांनी कमला मिलमधल्या आगीत 14 जण गेले आणि सगळ्या शहराची नजर तिकडे वळली. फरसाणच्या गाळ्यात झोपणाऱ्या कामगाराला विचारलं असतं तर तो काय म्हणाला असता? बाहेर पडायला दुसरी वाट हवी, भट्टी आणि झोपायची जागा वेगळी हवी. पण तो हे मालकासमोर बोलणार नाही, कारण तीच जागा त्याची रोजीरोटी आणि तोच त्याचा निवारा. मालक म्हणेल, जागा कुठे आहे? झोपडपट्टीतल्या बांधकामाला 14 फुटांची मर्यादा आहे, त्यामुळे वाढीव जागा आतल्या आत, पोटमाळा घालून काढली जाते. शेजारी तक्रार करायला कचरतो. तक्रारीवर माणूस आला तर पाडकामाची नोटीस आपल्याही दाराला चिकटेल, ही भीती. महाराष्ट्राचा अग्निप्रतिबंधक कायदा 2006चा आहे. तो मोडला जातो हे गल्लीतल्या प्रत्येकाला दिसतं आणि बोलणं कुणालाच परवडत नाही.

आणि बोलूनही उपयोग होत नाही, हे केवळ आपल्याकडे घडतं असंही नाही. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमधल्या रहिवाशांच्या गटाने नोव्हेंबर 2016मध्ये जाहीर इशारा दिला होता की, मोठी दुर्घटना होऊन माणसं मेल्याशिवाय इथला कारभार उघडा पडणार नाही. 14 जून 2017ला तिथे लागलेल्या आगीत 72 माणसं मेली. तिथे लोक बोलले होते, लिहून बोलले होते. त्या लिखाणाला उत्तर देणं कुणाला बंधनकारक नव्हतं.

दुसरा धोका अधिक अवघड आहे. ‘रहिवासी’ म्हणजे कोण? 2021च्या त्या घटनेनंतर परराज्यांतून येणाऱ्यांची नोंद ठेवा, असं तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी पोलिसांना सांगितलं. वस्तीची सूचना म्हणून हेच अनेकदा पुढे येतं: बाहेरच्यांवर लक्ष ठेवा. साकीनाक्यात बाहेरचा कोण ठरवणार? पोटमाळ्यावर झोपणाऱ्या कारागिराचं नाव मतदार यादीत नाही, भाडेकराराला कागद नाही. मग सभेत बोलतात ते घरमालक, मंडळाचे पदाधिकारी आणि गाळ्यांचे मालक. आग लागली तर आत अडकणारा आणि रात्री शौचालयात जायला घाबरणारी, या दोघांना गैरहजर ठेवून घेतलेल्या सूचना म्हणजे जुनीच सत्ता नव्या खुर्चीवर. म्हणून बायकांची बैठक वेगळी, कामगारांची त्यांच्या सुट्टीच्या दिवशी वेगळी, आणि तक्रारदाराचं नाव बाहेर न जाण्याची हमी, एवढं तरी पाळावंच लागेल.

सूचना ऐकण्याची व्यवस्था या शहराला माहीत नाही असं मुळीच नाही. घाटकोपरच्या जोशी लेनमध्ये 1990च्या दशकात रहिवाशांनी कचऱ्यापासून सुरुवात केली आणि महापालिकेने त्यातून एएलएम (ॲडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट) ही योजना उभी केली. इमारतीतल्या माणसांना त्यात ‘भागीदार’ म्हटलं गेलं. झोपडपट्टीसाठी मात्र ‘दत्तक वस्ती योजना’ आली. योजनेच्या नावातच वस्तीला लेकरू ठरवलं की तिचं म्हणणं नोंदवून घ्यायची गरज उरत नाही. 1992-93च्या दंगलींनंतर मोहल्ला कमिट्यांमध्ये पोलिस आणि रहिवासी नियमित समोरासमोर बसले, तेव्हा अफवांना तोंड देण्याची ताकद गल्लीतच तयार झाली. म्हणजे जमतं. 2009मध्ये महाराष्ट्राने महापालिका कायद्यात दुरुस्ती करून प्रभागाखाली क्षेत्रसभेची तरतूदही केली. गावाला ग्रामसभा तशी गल्लीला क्षेत्रसभा. ती कागदावर राहिली. मार्च 2022मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढे वर्षानुवर्षं प्रशासकाच्या हाती कारभार राहिला, तेव्हा तर दार ठोठावायला नगरसेवकही उरला नव्हता.

आज नागरिकाला मदतीसाठी महापालिकेचा 1916 आहे, आणीबाणीत 112 आहे, महिलांसाठी 103 आहे. हे क्रमांक उपयोगाचेच आहेत, त्या पहाटे एका रखवालदाराच्या फोनवरच सगळं हललं. पण हे सगळे क्रमांक घडून गेल्यावर फिरवायचे. घडण्याआधी बोलण्यासाठी क्षेत्रसभा हवी आणि तिला दात हवेत. तिथे आलेली प्रत्येक सूचना क्रमांकानिशी नोंदवावी. विभाग कार्यालयाने तीस दिवसांत लेखी कळवावं की काम होणार, कधी होणार, किंवा होणार नसेल तर कोणत्या कारणाने. आणि ते उत्तर शौचालयाच्या भिंतीवर सगळ्यांना दिसेल असं लावावं. पैसे लागतात, हा आक्षेप इथे टिकत नाही. कडीला फार पैसे लागत नाहीत. ‘नाही’ असं सहीनिशी लिहून द्यायला तर काहीच लागत नाही. फक्त उद्या दुर्घटना झाली तर ती सही कुणाची, हे सगळ्यांना कळेल. यंत्रणेला खर्चापेक्षा धास्ती वाटते ती याची, आणि म्हणूनच वस्तीने आपल्या मागण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर लेखी उत्तर ठेवावं.